आलं का? आलं! गेलं! : जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि घरचा अँटेना

(या भागाचं शब्दांकन. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय. फक्त अडखळणं आणि मध्येच आरवलेला कोंबडा काढून टाकलाय.)

आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. तुमच्या फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर तो उघडा. वायरवाला हेडफोन लावलेला नसेल, तर बहुतेक फोन म्हणतील, आधी हेडफोन लावा. का बरं? आवाज तर स्पीकरवरही येतो की. तर त्या हेडफोनची वायर हाच त्या रेडिओचा अँटेना असतो. कानाला लावलेली वायर हवेतली लाट पकडते आणि तुम्हाला वाटतं आपण नुसतं गाणं ऐकतोय.

म्हणजे अँटेना गेला, गेला असं आपण म्हणतो, तो कुठेही गेलेला नाही. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय. घरावरचा टीव्हीचा अँटेना, आणि तोही आपल्या जव्हार-मोखाड्यातला. कारण सपाटीवर अँटेना लावणं आणि आपल्याकडे लावणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे मध्ये डोंगर असतो.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. १९८७ साल. जानेवारीत रामायण सुरू झालेलं, रविवारी सकाळी. आमच्या पाड्यावर टीव्ही एकच. सागाच्या वाशाला अँटेना बांधलेला आणि तो वासा गोठ्याच्या कुडाला टेकवलेला. साडेनऊच्या आधी तीन माणसांची साखळी लागायची. काका वाशापाशी, मी अंगणात, काकू घरात टीव्हीसमोर. काका वासा फिरवायचे आणि ओरडायचे, "आलं का?" मी दारात तोंड घालून, "काकू, आलं का?" आतून, "आलं, आलं!" मी बाहेर, "आलं!" तोवर आतून, "गेलं!" हे अर्धा तास चालायचं. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आणि त्या मुंग्यांतून कधीतरी रथ दिसायचा. रथही दोन-दोन. एक खरा आणि त्याच्या शेजारी एक फिकट.

अँटेनाचं तोंड कुठे करायचं यावर भांडणं व्हायची. कोणी म्हणायचं मुंबईकडे कर, कोणी म्हणायचं नाशिककडे. शाळेच्या मागचा एक मुलगा म्हणायचा, समोरच्या डोंगराकडे कर. त्याला सगळे हसायचे. तो फारसा चुकत नव्हता, हे मला पुढे कळलं. कसं ते सांगतो.

आधी अँटेना म्हणजे काय ते बघू. जुन्या घरांवर माशाच्या काट्यासारखा जो असायचा, त्याला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानमधल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी तो १९२६ च्या सुमारास जगापुढे आणला. त्यातली वायर जोडलेली जी दांडी असते, तीच खरी लाट पकडते. तिच्या मागची दांडी थोडी लांब असते, ती आरशासारखी लाट पुढे परत पाठवते. पुढच्या दांड्या थोड्या आखूड असतात, त्या लाटेला वाट दाखवतात. म्हणून आखूड दांड्यांची बाजू केंद्राकडे करायची. आजही कित्येक जण उलटी लावतात.

दांडीची लांबी मनाने ठरत नाही. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. दांडी साधारण त्याच्या निम्मी. म्हणजे २०० मेगाहर्ट्झला लाट दीड मीटरची आणि दांडी पाऊण मीटरची. ६०० मेगाहर्ट्झला लाट अर्ध्या मीटरची आणि दांडी वीतभराहून थोडी मोठी. म्हणून एका पट्ट्यासाठी बनवलेला अँटेना दुसऱ्या पट्ट्याला नीट चालत नाही, तो कितीही चकचकीत असला तरी.

आता आपल्या डोंगराकडे येऊ.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर. मनोऱ्यापासून जव्हार सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास. मग दिसायला हवं की नको? याचा एक सोपा हिशेब आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर रेडिओलाटेचं क्षितिज असतं. वरळीचे येतात ७१, जव्हारचे ८७. दोन्ही मिळून १५८. म्हणजे कागदावर जव्हारच्या पश्चिम कड्यावरून मुंबईचा मनोरा लाटेच्या टप्प्यात येतो.

पण हा हिशेब मध्ये नुसतं पाणी पसरलंय असं धरतो. प्रत्यक्षात त्या रेषेवर आधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मग तुंगारेश्वरच्या बाजूची रांग, आणि पुढे आपल्या स्वतःच्याच टेकड्या. नाशिक तर त्याहून जवळ, सरळ रेषेत साठेक किलोमीटर. पण जव्हारहून नाशिककडे रेघ ओढली, तर ती मोखाड्यावरून सरळ त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीला जाऊन थडकते. ब्रह्मगिरी जवळजवळ १३०० मीटर! आता तुम्ही वासा दहा फूट वाढवून काय करणार?

हीच गोष्ट आमच्या लोकांच्या लक्षात यायची नाही. चित्र नाही, उंची वाढव. तरी नाही, आणखी एक बांबू जोड. सपाटीवर ते बरोबर आहे, तिथे घरं आणि झाडंच आडवी येतात. पण तुमचा पाडा दरीत असेल आणि समोर २०० मीटरचा डोंगर असेल, तर दहा फुटांनी त्या डोंगराला काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो जागा बदलल्याने. डोंगराच्या कडेवरून लाट थोडी खाली वाकते. लांब लाट जास्त वाकते, आखूड लाट कमी. शिवाय समोरच्या कातळावर आपटून एखादी लाट परत येते. तो फिकट दुसरा रथ दिसायचा ना, तो या परत आलेल्या लाटेचा, कारण ती लांबच्या वाटेने थोडी उशिरा पोचायची. या सगळ्या लाटा एकाच अंगणात काही ठिकाणी एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. म्हणून गोठ्यापाशी काही नाही आणि वीस पावलांवर विहिरीपाशी चित्र बरं, असं होतं. आणि म्हणूनच तो शाळेमागचा मुलगा बरोबर होता. सरळ वाट बंद असेल, तर समोरच्या डोंगरावरून परत येणारी लाट हीच तुमची वाट. अँटेनाचं तोंड तिकडेच करायचं.

आता माझी चूक सांगतो. हा भाग करायचं कारण तीच आहे.

मी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून नुकताच कामाला लागलो होतो. १९९८ च्या आसपासची गोष्ट. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर एका आजोबांनी जुना टीव्ही घेतला होता. मला बोलावलं. पडद्यावर मुंग्या. मी अँटेना इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि म्हणालो, "आजोबा, सिग्नल कमी आहे. बूस्टर लावावा लागेल." त्यांनी विचारलं, "मग येल का?" मी म्हणालो, "येणारच." वरई विकून आलेले पैसे त्यांनी कनवटीतून काढून दिले. मी बूस्टर लावला. मुंग्या आणखी ठळक झाल्या.

कारण साधं आहे. बूस्टर सिग्नल तयार करत नाही. जे आलंय ते तो मोठं करतो. खरखर आली असेल तर खरखर मोठी करतो. बाजारात दूरवर कोणीतरी पुटपुटतंय आणि तुम्ही माइक बाजारापुढे धरला, तर मोठा होतो तो बाजाराचा गोंगाट. ही गोष्ट मला वहीत माहीत होती, पण बूस्टरमध्ये मला चार पैसे सुटत होते आणि मला घरी जायची घाई होती. वीस पावलं चालून बघायचा कंटाळा मी केला.

पुढे त्या वाटेने गेलो की आत डोकवायचो. आजोबा टीव्ही लावून बसलेले असायचे, डोळे मिटून. जुन्या पद्धतीत चित्र गेलं तरी आवाज बराच तग धरायचा. ते टीव्ही ऐकायचे. मला म्हणाले, "आवाज तं येतो ना पोरा." तक्रार कधीच केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

तर तेव्हापासून माझा एक क्रम ठरलाय. आधी वाट, मग वायर, आणि बूस्टर सगळ्यात शेवटी.

वाट म्हणजे काय ते सांगितलं. आता वायरीचं ऐका. टीव्हीला आपण जी काळी गोल केबल वापरतो, त्या आरजी-६ मध्ये ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास ३० मीटरला साधारण ५ डेसिबल घट होते. ५ डेसिबल म्हणजे पकडलेल्या सिग्नलचा दोन तृतीयांश हिस्सा वायरीतच संपला. म्हणून उरलेल्या वायरीचं भेंडोळं छपरावर ठेवायचं नाही, लागेल तेवढीच वायर घ्यायची. मध्ये पीळ मारून सांधे करायचे नाहीत. कनेक्टरमध्ये आपला पावसाळा शिरला की केबल आतून हिरवी पडते. जोडाच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल, आत शिरणार नाही. आणि बूस्टर लावायचीच वेळ आली, तर तो वर अँटेनाजवळ लावायचा. खाली टीव्हीपाशी लावलात, तर वायरीने खाल्लेलं तो परत आणून देत नाही.

आणि जिवाची गोष्ट. लोखंडी पाइप उभा करताना आधी वर बघा, विजेची तार कुठे आहे ते. पाइप पडला तरी तारेला लागणार नाही इतकं अंतर हवं. ढग गडगडत असताना छपरावर चढायचं नाही. सामना राहिला तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, दादा, हे सगळं जुनं झालं. खरंय. २०१६ च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यात मुंबई होती आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं. त्याला डीव्हीबी-टी२ म्हणतात आणि ते पकडायला टीव्हीत किंवा डब्यात टी२ ट्यूनर लागतो. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. आलं तर लख्ख, नाहीतर चौकोन चौकोन होऊन अडकतं, मग काळं. मधलं काही नाही. जुने ॲनालॉग मनोरे मात्र प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. आमच्या काकांच्या वाशावर आता कारल्याचा वेल आहे.

मग आपल्या डोंगरात घरचा अँटेना उरला कुठला? छत्री. डिश. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तिला आता डीडी फ्री डिश म्हणतात. महिन्याचे पैसे नाहीत, एकदाच डबा आणि छत्री घ्यायची. आणि आपल्यासाठी ती मोठी गोष्ट का आहे? कारण तिची वाट डोंगरातून जात नाही, डोंगरावरून येते.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. तो विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्वेला. जव्हारहून बघितलं तर तो आग्नेयेला आहे, होकायंत्रावर साधारण १३३ अंश. आणि क्षितिजापासून ५७ अंश वर. ५७ अंश म्हणजे बराच वर, मान चांगली उचलावी लागेल इतका. तो अडवायला आग्नेयेला अगदी सरळसोट कडाच घराला खेटून हवा. त्यामुळे ज्या दरीत मुंबई, नाशिक, कुणाचीच लाट पोचली नाही, तिथेही छत्री चालते.

फक्त एक चूक करू नका. आणि ही चूक मला परत त्याच घरी घेऊन गेली.

२०२० चा जुलै. शाळा बंद. मुलांना ऑनलाइन शिकवा असा हुकूम, आणि आपल्याकडे पाड्यावर नेट नाही. पोरं फोन घेऊन माळावर चढायची, पावसात, घोंगडी डोक्यावर घेऊन. त्यात २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली सुरू झालं, पहिली ते आठवीच्या अभ्यासाचं. फ्री डिश असलेल्या घरात त्याला नेट लागत नव्हतं. सूर्यमाळच्या खालच्या त्या पाड्यावरून मला निरोप आला. आजोबा तोवर गेले होते. त्यांची पणती सहावीत. तिच्या वडिलांनी मे महिन्यात स्वतःच छत्री बसवलेली, तेव्हा छान चाललेली. आता पाठ सुरू झाला की बाई अर्ध्या वाक्यात थिजायच्या. मुलीचे वडील म्हणाले, "दादा, बूस्टर लावायचा का?"

मंडळी, तो शब्द ऐकून माझ्या पोटात कसं झालं ते सांगता येणार नाही. मी म्हणालो, नाही. आधी मला अंगणात उभं राहू द्या.

फोनचा कंपास काढला. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे फोनचा कंपास चालतो. फक्त पत्र्यापासून आणि छत्रीपासून चार पावलं लांब उभं राहायचं, नाहीतर लोखंड त्याला फसवतं. १३३ वर बघितलं, मान वर केली, आणि समोर आंबा. मे महिन्यात फांद्यांच्या फटीतून सिग्नल येत होता. जुलैत नवी पानं आणि त्यांच्यावर पाणी. या लाटेची लांबी अडीच-पावणेतीन सेंटिमीटर, ओल्या पानांतून ती पार होत नाही. ३६,००० किलोमीटर वाट मोकळी आणि शेवटच्या चार मीटरवर आंबा!

हिशेब लक्षात ठेवा. छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड आग्नेयेला असेल, तर छत्री त्याच्यापासून किमान ७ मीटर लांब हवी, फांद्या पसरल्यात तिथून मोजून. ५ मीटर उंच असेल तर साडेतीन मीटर. आम्ही छत्री उचलली आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली. झाड तोडावं लागलं नाही. छत्री बघून वाटतं ती आकाशाकडे फार कमी वाकलीय. ते बरोबरच असतं. या छत्र्या मध्यातून सरळ बघत नाहीत, त्यांचं लक्ष दिसण्यापेक्षा वीसेक अंश वर असतं. मग डब्याच्या पडद्यावर दोन आकडे बघायचे, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ नुसती वायर जोडली तरी दिसते, तिच्यावर जाऊ नका. छत्री अगदी केसभर हलवत क्वालिटी वाढवायची. पुढचं एलएनबी त्याच्या जागेवर थोडं गोल फिरवून पुन्हा क्वालिटी बघायची. मग नट घट्ट.

क्वालिटी जेमतेम असेल तर कोरड्या दिवशी चित्र येईल आणि पाऊस लागला की जाईल. पावसाचे थेंब ही लाट शोषतात. आपल्याकडचा पाऊस जोरात आला की पाच-दहा मिनिटं कोणाचंही जाणार, त्याला इलाज नाही. पण कोरड्या दिवशी नीट बसवलेली छत्री साध्या पावसात टिकते. पावसाळ्याची तयारी उन्हात करायची, कौलांची करतो तशी.

त्या दिवशीही साखळी लागली. वडील छत्रीपाशी, मी दारात, मुलगी टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं!" आणि "गेलं" आलंच नाही. थोड्या वेळाने पाऊस लागला. ती आतून म्हणाली, "काका, बाई थांबत नाहीत आता." निघताना वडिलांनी पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत. म्हणालो, या घरचे माझ्याकडे आधीच जमा आहेत. त्यांना काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आज सांगितलं.

आता शेवटचं, तुमच्या फोनबद्दल. माळावर नेट येतं आणि घरात येत नाही, हे त्याच डोंगराचं काम. तिथेही तोच क्रम. आधी वाट शोधा, कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या खिडकीत दांड्या वाढतात ते बघा. बाहेर अँटेना जोडता येतो असा सिमचा राउटर त्या जागी लावा. बाजारात मिळणारा मोबाइल बूस्टर मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे आणि त्याने टॉवरचंच काम बिघडून शेजारच्या पाड्याचं नेट जातं.

आणि एक नवी गोष्ट येऊ घातलीय. मनोऱ्यावरून थेट फोनवर टीव्ही, सिमही नको आणि डेटाही नको. डायरेक्ट टू मोबाइल म्हणतात त्याला. प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी त्याच्या चाचण्या केल्यात. म्हणजे हवेतला टीव्ही परत येतोय, यावेळी तुमच्या खिशात. चांगलंच आहे. पण ती लाटही मनोऱ्यावरूनच निघणार, आणि ब्रह्मगिरी आहे तिथेच आहे. तेव्हा कोणी गावात येऊन सांगितलं की आता सगळ्यांना मिळणार, तर ग्रामसभेत हात वर करून एकच विचारा : आमच्या दरीत लाट कुठल्या वाटेने येणार? मनोरा कुठे आहे, मध्ये काय आहे? नुसतं "येणारच" असं उत्तर मिळालं, तर सावध व्हा. ते उत्तर मी पण दिलं होतं.

आज संध्याकाळी पाऊस नसेल तर अंगणात या, कंपास काढा, १३३ अंशांवर मान वर करून बघा. तिथे आंबा असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.